मेपल बार, वरून ग्लेझ, आणि सासूबाईंना आलेला मेथीचा वास

तुपाचीबेरी, इंदूर | ११ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर नणंद मॉन्ट्रियलहून आली होती. तिनं बॅगेतून मेपल सिरपचा, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाचा, पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. ५४० मिलिलिटरचा, आपल्याकडे रसगुल्ल्यांचा डबा असतो तसा. "वहिनी, याचं काहीतरी भाजून कर, नुसतं पोळीला लावून संपवू नकोस," असं बजावून गेली. म्हणून मेपल बार करायचं ठरवलं. बार म्हणजे चौकोनी ताटलीत भाजून वड्या पाडायचा पदार्थ. केकपेक्षा दाट, बिस्किटापेक्षा मऊ, आणि वर गोड ग्लेझचा पातळ थर.

डबा फोडला तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. चमचाभर वासाला दिलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, "यात मेथी घातली आहे का गं?" मी डबा फिरवून बघितला. घटक एकच, मेपल सिरप. पण त्यांनी म्हटल्यावर मलाही तो वास येऊ लागला, आणि अजून येतो. याचं कारण कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

आता पाककृती. आधी पहिली ताटली कशी बिघडली ते सांगते, कारण खरं शिकले ते तिथंच.

मी साखर पूर्ण काढून टाकली आणि सगळा गोडवा सिरपचाच ठेवला, २५० मिलिलिटर. शिवाय सवयीनं व्हॅनिला घातलं, वेलची घातली, थोडी दालचिनीसुद्धा. कडा कोरड्या आणि मधला भाग चिकट गोळ्यासारखा कच्चा. तोही खाल्ला असता, पण त्यात मेपल कुठेच नव्हतं. वेलची होती, दालचिनी होती. अर्धा डबा संपला आणि त्याची चव कुणाला कळलीच नाही. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांबून कुणीतरी जपून आणलेली वस्तू होती ती.

दुसऱ्या वेळी मसाल्याचे डबे कपाटात ठेवले आणि हे प्रमाण घेतलं. ८ इंची चौकोनी ताटलीसाठी:

बिनमिठाचं लोणी किंवा बटर ११५ ग्रॅम, मेपल सिरप १२० मिलिलिटर, ब्राऊन शुगर ८० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, घट्ट दही ६० ग्रॅम (अंडं चालत असेल तर दह्याऐवजी १ अंडं), बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, सोडा पाव चमचा (अंडं घेतलं तर सोडा नको), मीठ अर्धा चमचा, भाजून भरड केलेले अक्रोड ६० ग्रॅम.

सगळी मेहनत लोण्यात आहे. इंग्रजी पाककृतींमध्ये याला ब्राऊन बटर म्हणतात. आपल्या घरात ते दर आठवड्याला होतं, फक्त आपण एक पाऊल पुढे जातो. लोणी कढवायला ठेवा. आधी फसफसेल, तडतडेल, मग आवाज कमी होत जाईल आणि फेस बारीक होईल. तळाशी पांढरे कण दिसू लागतील, ते पिवळे होतील, मग बदामी. तूप करताना आपण इथं गॅस बंद करून गाळतो. इथं गाळायचं नाही. बेरीसकट सगळं लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं, नाहीतर गरम पातेल्यात बेरी जळते. त्या बेरीतला खमंगपणाच मेपलला धरून ठेवतो. पाणी उडून गेल्यानं ११५ ग्रॅमचे साधारण ९५ ग्रॅम राहतात. घरच्या लोण्यात ताकाचा अंश जास्त असतो, म्हणून ते जरा जास्त घेऊन कढवून झाल्यावर वजन करा.

हे कोमट झालं की त्यात ब्राऊन शुगर आणि सिरप फेटा, मग दही. मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ एकत्र चाळून वरून घाला आणि उलथन्यानं हलक्या हातानं मिसळा. मैद्याचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले की थांबायचं, घोटत बसायचं नाही. अक्रोड घाला. ताटलीला बटर पेपर असा लावा की दोन बाजूंनी तो वर येईल, नंतर उचलायला सोपं जातं. ओव्हनमध्ये १७५ अंशांवर २२ ते २६ मिनिटं. कडा सुटलेल्या दिसतात, मधे सुरी घातली तर ओलसर कण चिकटून येतात, कच्चं पीठ येत नाही. तेव्हा बाहेर काढायचं. पूर्ण कोरडी सुरी येईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर वडी कडक होते.

ग्लेझ: सिरप ६० मिलिलिटर, लोणी २० ग्रॅम, चिमूटभर मीठ, चाळलेली पिठीसाखर १०० ते १२० ग्रॅम. सिरप आणि लोणी फक्त लोणी वितळेपर्यंत गरम करा, उकळू नका. उतरवून पिठीसाखर थोडी थोडी घालत फेटा. चमच्यावरून रुंद पट्टीसारखं पडलं पाहिजे. बार पूर्ण गार झाल्यावरच ओता.

या वेळी वडी तोंडात टाकल्यावर आधी लोण्याचा खमंगपणा आला, मग अक्रोड, आणि शेवटी घशात मेपल. सासूबाई म्हणाल्या, "आता कळलं काय आणलंय लेकीनं."

---

जिरावण, इंदूर | ११ डिसेंबर, रात्री ११:१५

ताई, रात्री सव्वाअकराला हे वाचून आता सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन गराडू (तळलेला कंद) खाल्ल्याशिवाय झोप येणार नाही. पण मनापासून छान लिहिलं आहे. बेरीचा मुद्दा तर एकदम पटला. आमची आई बेरीत साखर घालून पोळीबरोबर द्यायची, तोच वास आठवला.

एक विचारतो. आमच्याकडे ओव्हन नाही. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून नानखटाई करतो, त्यात हे होईल का?

---

नवशिकी, देवास | १२ डिसेंबर, सकाळी ७:५०

मी गेल्या महिन्यात बाजारातून मेपलची बाटली आणली, स्वस्त मिळाली म्हणून खूश होते. तुमचं वाचून आता लेबल बघितलं. कॉर्न सिरप, पाणी, कॅरमेलचा रंग, मेपलचा स्वाद. मेपल सिरप म्हणून नाव कुठेच नाही, समोर फक्त पॅनकेकचं चित्र आणि पान छापलेलं आहे. दुकानदाराला विचारलं होतं तर "हेच असतं" म्हणाला. याचे बार होतील का?

---

तुपाचीबेरी, इंदूर | १२ डिसेंबर, दुपारी २:०५

जिरावण, होईल. कढईत मिठाचा किंवा वाळूचा थर, वर जाळी, झाकण ठेवून मध्यम आचेवर १० ते १५ मिनिटं तापवून घ्या, मग ताटली ठेवून आच मंद करा. ४० ते ४५ मिनिटं धरा, ३५ नंतर सुरी घालून बघायला लागा. कुकर वापरणार असाल तर शिटी आणि रिंग दोन्ही काढा. वरून रंग येणार नाही, पण ग्लेझखाली रंग कोण बघतंय? मात्र झाकणाखाली साचलेलं पाणी वडीवर ठिबकतं, म्हणून झाकणाला सुती फडकं बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून ज्योतीपासून लांब ठेवा.

नवशिकी, बार गोड होतील आणि दिसायलाही छान होतील, पण त्यात मेपल नसेल. वाईट वाटून घेऊ नका, त्या बाटल्या आहेतच तशा. खऱ्या सिरपच्या घटकांत एकच नाव असतं. ती बाटली ग्लेझसाठी अजिबात वापरू नका. कॉर्न सिरपची ग्लेझ चिकट राहते, नीट धरत नाही. पोळीवर, धिरड्यावर संपवून टाका.

---

बर्फातली मराठी, मॉन्ट्रियल | १२ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

माहेर इंदूरचं, म्हणून शीर्षक बघून धावत आले.

तुमच्या नणंदेनं डबा आणला ते बरोबरच केलं, इथं घरोघरी तोच डबा असतो. जगातल्या मेपल सिरपपैकी साधारण ७० टक्के कॅनडाच्या एकट्या क्वेबेक प्रांतात होतं. सिरप कसं होतं ते सांगते, म्हणजे तो जपून का वापरायचा ते कळेल.

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असे दिवस येतात. त्या चढउतारानं झाडाच्या आत दाब तयार होतो आणि खोडाला बारीक भोक पाडलं की रस ठिबकतो. पूर्वी बादल्या टांगत, आता बहुतेक ठिकाणी झाडाझाडाला जोडलेल्या प्लास्टिकच्या नळ्या असतात. रस अगदी पाण्यासारखा. मी प्यायला आहे, गोडी कळेल न कळेल इतकीच, कारण त्यात साखर जेमतेम २ टक्के. तो आटवून आटवून ६६ टक्क्यांवर आणायचा. ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप होतं. बेरीताईंच्या त्या एका डब्यात वीसेक लिटर रस आटवलेला आहे!

रसाला वास नसतो, तो आटवताना येतो. आपल्या गुऱ्हाळासारखंच. युरोपीय लोक यायच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी हे करत आले आहेत.

अजून एक. डब्यावर रंगाचा प्रकार लिहिलेला असतो. गोल्डन, अँबर, डार्क, व्हेरी डार्क. हंगामाच्या सुरुवातीचं फिकं, शेवटचं गडद. फिकं म्हणजे उत्तम असं बरेच जण समजतात, पण भाजायच्या पदार्थात फिक्याचा वास हरवतो. बारसाठी डार्क घ्या.

आणि डबा उघडल्यावर सिरप त्यातच ठेवू नका. काचेच्या बाटलीत ओतून फ्रिजमध्ये. यात टिकवणारं काही घातलेलं नसतं, बाहेर ठेवलं तर बुरशी येते.

---

दाणेकूट, इंदूर | १२ डिसेंबर, रात्री ९:१०

मी रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. बेरीताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं नाक अगदी बरोबर आहे.

मेथीच्या दाण्यात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं. मेपल सिरपच्या वासातही तेच आहे. ते फार थोडं असलं तर नाकाला कॅरमेल, मेपल, जळकी साखर असं वाटतं, आणि प्रमाण वाढलं की मेथी वाटते. म्हणून मेपलचा कृत्रिम स्वाद करताना मेथीचा अर्क वापरतात. नवशिकीताईंच्या बाटलीतल्या 'मेपलच्या स्वादा'त कदाचित आपली मेथीच असेल.

यावरून एक गोष्ट सांगतो. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून मेपल सिरपचा दाट वास पसरायचा. लोक घाबरून तक्रारी करायचे, हा वास येतो तरी कुठून? २००९ मध्ये उलगडा झाला. नदीपलीकडे न्यू जर्सीत स्वाद तयार करणाऱ्या एका कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया होत होती. आपल्याकडची कोणतीही आजी असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

ग्लेझबद्दलही सांगतो. मेपल सिरपमधली साखर बहुतांशी उसात असते तीच, म्हणजे सुक्रोज. त्यामुळे ती आपल्या पाकासारखीच वागते. सिरप म्हणजे एकतारीच्या जरा अलीकडचा पाक. तुम्ही उकळू नका म्हणालात ते योग्य. उकळून तो पुढे नेला आणि ढवळला की साखर दाणेदार होते. कुणाला मुद्दाम पाकाची घट्ट ग्लेझ करायची असेल आणि थर्मामीटर असेल, तर आधी त्यात साधं पाणी उकळून बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, पाणी इथं १०० नाही, ९८ च्या आसपास उकळतं. पुस्तकातल्या पाकाच्या आकड्यातून तेवढे दोन अंश वजा करायचे. पाककृती जशीच्या तशी पाळूनही पाक पुढे गेला, अशी तक्रार आपल्याकडे होते त्याचं हे एक कारण.

---

तुपाचीबेरी, इंदूर | १२ डिसेंबर, रात्री १०:००

दाणेकूट सर, सासूबाईंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. न्यूयॉर्कची गोष्ट दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत जो वास असतो ना, तो हाच." मेथीचे लाडू, गूळ, तूप. आता मला तो डबा परका वाटतच नाही.

---

बडोद्याची सून, वडोदरा | १३ डिसेंबर, सकाळी ११:२०

काल केले! कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये. १७५ चा पर्याय नव्हता म्हणून १७० ठेवलं, २८ मिनिटं लागली. दह्याचे केले, घरी अंडं चालत नाही. वडी छान, पण ग्लेझ खरखरीत लागली, जिभेला कण कण. पिठीसाखर मिक्सरमध्ये घरीच केली होती. आणि बार गरम असताना घाईत ओतली तर निम्मी आत मुरली. चव उत्तम आली आहे, म्हणून पुन्हा करायची आहे. सुधारणा सांगा.

---

तुपाचीबेरी, इंदूर | १३ डिसेंबर, दुपारी १:३०

दोन्ही गोष्टी माझ्या हातूनही झाल्या आहेत.

घरची पिठीसाखर वापरायची तर कोरड्या मिक्सरमध्ये साखरेबरोबर चमचाभर कॉर्नफ्लोर घाला, थांबून थांबून फिरवा, आणि मग पातळ मलमलीतून वस्त्रगाळ करा. साध्या चाळणीतून कण खाली येतातच. चिमूट बोटांत घासून बघा, पिठासारखी वाटली पाहिजे. तरीही खरखर जाणवली तर ग्लेझ मंद आचेवर अगदी हात लावता येईल इतकीच कोमट करून पाच मिनिटं झाकून ठेवा, बारीक कण विरघळतात.

गरम बारवर ग्लेझ मुरते ते वाईट नाही, काही जण मुद्दाम तसं करतात. पण मग वर थर राहत नाही. मला तो थर हवा असतो. दात लागल्यावर आधी किंचित कडक, लगेच विरघळणारा. त्यासाठी ताटली तासभर तरी जाळीवर ठेवा. खालून हात लावून बघा, तळ गार लागला पाहिजे. वरचा भाग आधी गार होतो आणि फसवतो.

आपल्याकडे डिसेंबरात ग्लेझ ३०-४० मिनिटांत धरते. पावसाळ्यात हीच ग्लेझ दुसऱ्या दिवशी ओलावून चिकट होते, साखर हवेतलं पाणी ओढते ना. जुलैत करायचे असतील तर ग्लेझ खायच्या दिवशीच ओता.

---

ग्वाल्हेरकर, ग्वाल्हेर | १३ डिसेंबर, रात्री ८:४५

आमच्याकडे सध्या गजकेचे, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचे, दिवस आहेत, मोरेन्याची गजक घरात आली की दुसरं काही गोड खावंसं वाटत नाही. तरी वाचत गेलो. अक्रोडाऐवजी भाजलेले तीळ चालतील का? आणि गुळाची पावडर ब्राऊन शुगरऐवजी?

एक मनातलं बोलतो, राग मानू नका. हे सिरप इथं सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. मग खजुराचा गूळ किंवा काकवी घालून हेच का करू नये? वड्या आपल्याच होतील.

---

बर्फातली मराठी, मॉन्ट्रियल | १३ डिसेंबर, रात्री ९:५०

ग्वाल्हेरकर, खजुराचा गूळ मेपलच्या सर्वांत जवळ जातो असं मलाही वाटतं. तोही झाडाचा रस, तोही थंडीतच काढतात आणि तोही आटवूनच होतो. बंगालचा नोलेन गूळ पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला इथल्या मार्च महिन्याची आठवण झाली. इथं त्या दिवसांत मेपलच्या बागांमध्ये सिरप आणखी आटवून ताज्या बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून खातात. गोळीबंद पाकच तो. माझ्या मुलांना मी सांगते, ही इथली चिक्की आहे, फक्त ताणली जाते.

---

तुपाचीबेरी, इंदूर | १४ डिसेंबर, सकाळी ६:५५

ग्वाल्हेरकर, राग कसला? मीही दोन दिवस हाच विचार करते आहे. माझ्या डब्यात आता ११० मिलिलिटर उरलं आहे. एक ताटली पूर्ण होणार नाही, आणि ते नुसतं संपवायचंही नाही.

तीळ चालतील, पण ६० ग्रॅम नको, ३० पुरे. तिळाचा वास जोरकस असतो. गुळाची पावडर चालेल, वजन तेवढंच. गूळ खारट निघाला तर मीठ निम्मं करा.

काकवीबद्दल माझं मत वेगळं आहे. काकवी मला मनापासून आवडते, पण तिचा वास इतका ठाम असतो की वडीत ती सोडून दुसरं काही उरत नाही. मग त्याला काकवीच्या वड्या म्हणावं आणि आनंदानं खावं, मेपलचा पर्याय म्हणू नये.

मी आज असं करणार आहे. वडीत मेपल घालायचंच नाही. वडीसाठी गुळाचं मेथीवालं पाणी, आणि उरलेलं मेपल फक्त ग्लेझमध्ये, जिथं ते भाजलं जात नाही आणि थेट जिभेला लागतं. रात्री सांगते.

---

तुपाचीबेरी, इंदूर | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

झाल्या. सविस्तर लिहिते, कुणाला करून बघायचं असेल तर.

पिवळा, फिका गूळ १५० ग्रॅम, पाणी ७५ मिलिलिटर. गूळ विरघळवून एक उकळी आणली, गाळला. पुन्हा मंद आचेवर ठेवून मधाच्या जरा अलीकडे येईपर्यंत आटवला. दुसरीकडे मेथीचे दाणे पाव चहाचा चमचा, कोरडेच, मंद आचेवर भाजले. इथं डोळे लावून उभं राहायचं. आधी काहीच होत नाही, मग एकदम दाणे फुगीर होतात, रंग पिवळ्याचा सोनेरी होतो आणि वास बदलतो. हिरवट कडवट वास जाऊन गोडसर खमंग वास येतो. त्या क्षणी उतरवले. लाल होऊ दिले की कडू. अख्खे दाणे गरम गुळाच्या पाकात टाकून दहा मिनिटं झाकून ठेवले आणि गाळून काढले. कुटायचे नाहीत, पाकाबरोबर उकळायचेही नाहीत, कडूपणा सगळा उतरतो.

तो पाक १२० मिलिलिटर मोजून मेपलच्या जागी घातला. गूळ आधीच आहे म्हणून ब्राऊन शुगर ८० ऐवजी ७० ग्रॅम घेतली. बाकी सगळं तेच. ग्लेझ ६० मिलिलिटर खऱ्या मेपलची.

भाजताना घरभर जो वास सुटला त्यानं वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. "लाडू करताय का?" असं त्यांनी विचारलं, केक का असं कुणी विचारलं नाही.

वडी कापली ती तीन तासांनी. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून, एका दिशेनं दाबत, ओढायची नाही. ग्लेझला तडा गेला नाही. कडेची वडी मी घेतली, मधली सासूबाईंना दिली. त्यांनी आधी ग्लेझ बोटानं उचलून चाखली, मग वडी. म्हणाल्या, "वरचं लेकीचं, खालचं आपलं."

नणंदेला फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला आणि आईशी अर्धा तास बोलत बसली.

---

दाणेकूट, इंदूर | १४ डिसेंबर, रात्री १०:१०

वा. अख्खे दाणे, गाळून, दहा मिनिटं, हे फार चांगलं केलंत. सोटोलोन थोडंच उतरलं आणि कडू द्रव्यं बरीचशी दाण्यातच राहिली.

---

जिरावण, इंदूर | १५ डिसेंबर, रात्री ८:२०

कढईत केल्या. ४३ मिनिटं. मेपल नव्हतंच, म्हणून वडी गूळ-मेथीची आणि ग्लेझ नोलेन गुळाची. सियागंजातून अक्रोड आणले होते तेव्हा तिथंच एका दुकानात तो गूळ मिळाला होता. ६० ग्रॅम गूळ दोन चमचे दुधात विरघळवून घेतला, थोडा जास्त वेळ गरम झाला तर दूध फाटायला लागलं होतं, वेळेत उतरवलं. आई म्हणाली, पुढच्या वेळी गूळ पाण्यात विरघळव आणि दूध गार झाल्यावर घाल. फडकं बांधायची युक्ती कामाला आली, एक थेंबही पडला नाही.

आईनं एक वडी खाऊन दुसरी मागितली. तिला साखर आहे, दुसरी दिली नाही, अर्धी दिली.

---

बडोद्याची सून, वडोदरा | १६ डिसेंबर, दुपारी १२:४५

वस्त्रगाळ केली. ग्लेझ आरशासारखी झाली. खूप खूप आभार, ताई.

संक्रांतीला हळदीकुंकवाला या वड्या द्यायच्या आहेत, २५ जणी येतील. माझ्याकडे ९ इंची ताटली आहे. प्रमाण किती वाढवू? आणि आधी किती दिवस करून ठेवता येतील?

---

तुपाचीबेरी, इंदूर | १६ डिसेंबर, दुपारी ३:१५

९ इंचीला सगळं सव्वापट करा. मैदा १९० ग्रॅम, लोणी १४५, सिरप किंवा पाक १५० मिलिलिटर, ब्राऊन शुगर १०० (गुळाचा पाक घेतलात तर ९०), दही ७५, अक्रोड ७५. सोडा, बेकिंग पावडर, मीठ अगदी किंचितच जास्त. वेळ तीनेक मिनिटं वाढेल. पाच बाय पाच अशा पाडल्यात तर बरोबर २५ होतात, लहान पण हळदीकुंकवाला पुरेशा. चाखायला एखादी हवी असेल तर एका बाजूनं सहा पाडा.

वड्या दोन दिवस आधी भाजून, न कापता, बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा, बाहेरच. दुसऱ्या दिवशी बेरीचा आणि मेपलचा वास जास्त खुलतो, त्यामुळे तसंही आधी केलेलं चांगलं. ग्लेझ त्या दिवशी सकाळी. त्यावर ती ओली असतानाच थोडे पांढरे तीळ भुरभुरा, वाळल्यावर चिकटत नाहीत.